धर्मशिक्षणाच्या वर्गात स्थानिक परंपरा आणि प्रत्येक मूल: वर्षभराच्या आखणीचा योग्य क्रम

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग बहुतेक ठिकाणी नेमाने भरतो आणि शिकवणारेही मनापासून शिकवतात, तरीही दोन तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येतात. पहिली अशी की, वर्गात शिकलेले घरच्या बोलीशी, शेतीशी आणि सणांशी जुळत नाही. दुसरी अशी की, काही मुले जूनमध्ये येतात आणि दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. त्यांत ऐकायला कमी येणारे, वाचताना अडखळणारे, आई किंवा वडील ख्रिस्ती नसलेले, किंवा कामासाठी दुसऱ्या गावाहून आलेल्या कुटुंबातले मूल बहुधा असतेच. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: कामांचा क्रम चुकतो. आधी पुस्तक ठरते, मग डिसेंबरचा कार्यक्रम, मग त्या कार्यक्रमाला शोभेल अशी ‘आपली संस्कृती’, आणि सगळे ठरून झाल्यावर उरलेल्या मुलांसाठी कुठेतरी एखादी जागा शोधली जाते.

खाली दिलेला क्रम मुलांपासून सुरू होतो आणि कार्यक्रमापर्यंत शेवटी पोहोचतो. वसई-पालघरच्या धर्मग्रामांतील (कॅथलिक पॅरिशांतील) वर्ग प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. नगर-पुणे भागातील प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या शब्बाथ शाळांनाही, संस्कारांविषयीचा (बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर अशा विधींविषयीचा) टप्पा आपल्या मंडळीच्या नियमांनुसार बदलून, बाकी तो जसाच्या तसा वापरता येईल.

## टप्पा १: मे महिन्यातील घरभेटी आणि नोंदवही

वर्ग जूनमध्ये सुरू होणार असेल, तर घरभेटी मे महिन्यातच उरकाव्यात. पहिल्या रविवारी छापील अर्ज वाटून तो पालकांकडून भरून घेणे ही घरभेट नव्हे, कारण आपल्या मुलाला ऐकायला कमी येते किंवा त्याला फेफरे येतात, हे कोणतीही आई चारचौघांत, रांगेत उभी राहून लिहीत नाही. घरी जावे, शक्यतो दोघांनी मिळून जावे आणि मूल घरी असेल अशी वेळ निवडावी.

विचारायच्या गोष्टी मोजक्या आहेत. घरात कोणती बोली बोलतात? वसईच्या एकाच वर्गात सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी, कोळी बोली, ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडील मूळच्या ख्रिस्ती) समाजाची मराठी, कोकणी आणि मल्याळम अशा घरांतली मुले शेजारी शेजारी बसलेली असू शकतात, आणि डहाणू-तलासरीकडे वारली बोलणारी मुले असतात. संध्याकाळची प्रार्थना घरात कोण म्हणते आणि कोणत्या भाषेत? आजीला एखादे गाणे, पाळणा किंवा ओवी येते का? मुलाला दिसणे, ऐकणे, चालणे, वाचणे, एका जागी बसणे यांपैकी कशाची अडचण आहे? कोणत्या आवाजाची किंवा स्पर्शाची भीती वाटते? औषध चालू आहे का, आणि वर्गात त्रास झाला तर पहिली गोष्ट काय करायची?

हे सारे पालकांना विचारून झाल्यावर मुलालाही विचारावे. ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आंधळा बार्तीमय हाक मारत येतो, त्याला काय हवे आहे हे उघड दिसत असते, तरी येशू त्याला बोलावून, आपण त्याच्यासाठी काय करावे, असे त्यालाच विचारतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीला पहिल्या बाकाजवळ बसायचे आहे की मैत्रिणींबरोबर मागे, हे तिच्याखेरीज कोणी ठरवू नये.

जात, उत्पन्न आणि आडनावामागचा इतिहास विचारू नये. धर्मशिक्षणाच्या नोंदवहीला यांपैकी कशाचीही गरज नाही, आणि ज्या कुटुंबांनी मंडळीतसुद्धा जातीवरून वेगळी वागणूक सोसली आहे, त्यांना हा एक प्रश्न दार बंद करायला पुरतो. बाप्तिस्म्याचा दाखलाही पहिल्या भेटीत मागू नये. संस्काराच्या तयारीसाठी तो लागेल, तेव्हा मागता येतो.

इशारा. नोंदवहीतील आरोग्याची आणि कुटुंबाची माहिती फक्त त्या वर्गाच्या शिक्षकांकडे व वर्गप्रमुखांकडे राहावी. ती सभेत वाचून दाखवू नये, व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये, आणि ‘या मुलासाठी प्रार्थना करा’ अशा भल्या हेतूनेही पालकांच्या परवानगीशिवाय वेदीवरून जाहीर करू नये.

इशारा. वर्ग मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत भरत असेल, तर संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाचा तिसरा खंड आधी वाचावा. विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मग ती शाळा मिशनची असली तरी हा नियम बदलत नाही. शेजारचे हिंदू, मुस्लिम किंवा बौद्ध मूल मित्राबरोबर चर्चमधल्या वर्गाला येऊ लागले, तर तिथेही पालकांची लेखी परवानगी घ्यावी आणि ती मिळेपर्यंत मुलाला प्रेमाने घरी पाठवावे.

## टप्पा २: जागा, वेळ आणि सुरक्षितता

वर्गाची खोली वरच्या मजल्यावर असेल आणि नोंदवहीत एकही चालण्याची अडचण असलेले मूल असेल, तर संपूर्ण वर्ग खाली आणावा. त्या एका मुलाला उचलून वर नेणे हा उपाय नाही. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मागून उजेड आला की चेहरा काळवंडतो आणि ओठ वाचणाऱ्या मुलाला काहीच कळत नाही. पंख्याचा खडखडाट, शेजारच्या खोलीतील गायनाचा सराव आणि स्वच्छतागृहापर्यंतचा रस्ता या तीन गोष्टी वर्गाच्या वेळीच तिथे बसून पाहाव्यात. रिकाम्या इमारतीत त्या लक्षात येत नाहीत.

वर्गात नेहमी दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार, असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आधी धर्मगुरूंना विचारू’ म्हणून हे लांबणीवर टाकता येत नाही. १०९८ हा बालकांसाठीच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर मुलांच्या उंचीला लावून ठेवावा.

## टप्पा ३: परंपरांची यादी आणि त्यांची पारख

घरभेटींमधून जे कानावर आले, त्यातून आता यादी करायची. बहुतेक वर्ग हीच यादी पुस्तकातून किंवा दुसऱ्या धर्मग्रामाच्या कार्यक्रमाची ध्वनिचित्रफीत पाहून करतात आणि तिथेच फसतात. आपल्या वर्गातील एकाही घरात जिवंत नसलेली परंपरा मुलांना परकीच वाटते, मग ती कितीही ‘मराठी’ दिसो.

यादीतील प्रत्येक गोष्टीला चार प्रश्न विचारावेत. ही परंपरा कोणाची आहे? ती कोणत्या प्रसंगी होते? ती कोणाला उद्देशून आहे? आणि तिच्यात कोणाला बाजूला ठेवले जाते?

या चार प्रश्नांतून काही परंपरा सरळ पुढे येतात. ओवी, पाळणा, भजन, टाळ-मृदंग, पेरणी-कापणीची कामे, घरातले पदार्थ यांना धर्मशिक्षणात आणायला कोणाची हरकत नसते. ओवीच्या छंदात येशूचे चरित्र मांडण्याचे काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्येच केलेले आहे आणि नारायण वामन टिळकांची भजने आजही उपासनांत गायली जातात, तेव्हा ‘हे आपले नाही’ अशी शंका घेणाऱ्या पालकांना एवढे उत्तर पुरे. हंगामाचे सण तर बायबलच्या अगदी जवळचे आहेत. ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करताना नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आणतो, गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते, मंगळूरच्या कोकणी घरांत ८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्मदिनी नवे भात जेवतात. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे आणण्याची आज्ञा आहे. वर्गात या तिन्ही समाजांची मुले असतील, तर प्रत्येकाने आपल्या घरी काय होते ते सांगावे, म्हणजे एकाच दिवशी तीन रीती आणि एक वचन असा धडा आपोआप उभा राहतो.

काही परंपरा विचारपूस करूनच घ्याव्या लागतात. ईस्ट इंडियन लग्नातील ‘उंबराचे पाणी’ हा विधी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणण्याचा आहे, आणि काना गावच्या लग्नात येशूने रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस केला, ती गोष्ट शिकवताना तो सहज आठवतो. मात्र मराठी घरांतील लग्नविधींत पुष्कळ ठिकाणी सुवासिनींनाच मान असतो. वर्गात विधवा आईचे मूल बसलेले असताना हा प्रसंग करून दाखवायचा, तर घागर घेणाऱ्यांत त्या आईला पहिली बोलवावी. ते जमणार नसेल, तर प्रसंग करून दाखवू नये, नुसता सांगावा. विनोदी लोकगीतांतही एखाद्या समाजाची, रंगाची किंवा व्यंगाची टिंगल असते. अशी कडवी वगळून गाणे घ्यावे आणि का वगळले, हे मोठ्या मुलांना स्पष्ट सांगावे.

काही गोष्टी मात्र घ्यायच्याच नाहीत. नाताळच्या भित्तिचित्रांसाठी वारली शैली सर्रास वापरली जाते. मेंढरे, झोपड्या, तारप्याभोवतीचा नाच यांवर कोणाचा आक्षेप नसतो, पण लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवर काढलेले चौकोनी चित्र, हा पालघाट देवीचा चौक आहे. तो लग्नप्रसंगी विधिपूर्वक रेखाटला जातो, आणि त्यातली देवी काढून तिथे मरिया व बाळ येशू बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात हात घालणे होय. वारली पाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांनाही हे खटकते, कारण त्यांचे अर्धे नातेवाईक त्याच चौकापुढे लग्न लावतात.

तपासणी. यादी पक्की करण्यापूर्वी ती त्या त्या समाजातील दोन वडीलधाऱ्या व्यक्तींना, त्यांत एक स्त्री असेल अशा रीतीने, वाचून दाखवावी. त्यांनी एखादी गोष्ट नको म्हटले, तर वाद न घालता ती काढावी.

## टप्पा ४: एका धड्याची बांधणी

धड्याच्या चार पायऱ्या आहेत: हाताला लागणारी वस्तू किंवा अनुभव, मग वचन, मग परंपरेच्या रूपात त्याचे पुनर्कथन, आणि शेवटी प्रार्थना किंवा कृती. वचन दुसऱ्या पायरीवर, कोणतीही भर न घालता वाचले गेले पाहिजे. परंपरेचे सादरीकरण आधी करून शेवटी एखादी ओळ चिकटवली, की मुलांना नाच आठवतो आणि वचन आठवत नाही.

येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दृष्टान्त (त्यात बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या मातीत पडते) घेऊन ही बांधणी पाहू, कारण भातशेतीच्या गावांत तो फार वेळा चुकीचा शिकवला जातो. पालघरच्या मुलाला माहीत असलेली शेती अशी: उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस पडला की राबात बी टाकायचे, रोपे वर आली की उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावणी करायची. या मुलाला ‘पेरणारा पेरायला निघाला आणि काही बी वाटेवर पडले’ असे सांगितले, तर तो विचारणारच, की इतका निष्काळजी शेतकरी कोण? पॅलेस्टाइनमधील शेतकरी मोकळ्या शेतात हाताने बी फेकून पेरत असे, शेतातून पायवाटा जात, आणि कित्येक ठिकाणी मातीच्या पातळ थराखाली खडक असे, हे आधी सांगितल्याशिवाय दृष्टान्त उलगडत नाही. आपली शेती वेगळी आहे हे मान्य करून मग दोन्हींची तुलना करावी; दृष्टान्ताला ओढूनताणून लावणीचे रूप देऊ नये.

साहित्य म्हणून चार कप्प्यांचा एक लाकडी खोका करावा. एका कप्प्यात तुडवून घट्ट केलेली माती, दुसऱ्यात खडीवर मातीचा पातळ थर, तिसऱ्यात वाळलेल्या काटेरी फांद्या (टोके बोथट करून), चौथ्यात शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती. खोका टेबलावर अशा उंचीला ठेवावा की व्हीलचेअरवरून हात पोहोचेल. आता प्रत्येक मुलाने डोळे मिटून चारही कप्प्यांत बोट खुपसावे. घट्ट मातीत बोट शिरत नाही, खडीवर ते नखाएवढ्या खोलीला अडते, आणि चौथ्या कप्प्यात पेरभर आत जाते. ज्याला दिसत नाही, त्या मुलाला हा दृष्टान्त इतरांइतकाच, किंबहुना त्यांच्याआधी समजतो. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी चार चित्रे आणि चार खुणा ठरवाव्यात आणि त्या खुणा सगळ्या वर्गाने कराव्यात. वाचता न येणाऱ्या मुलाला या धड्यात वाचावेच लागत नाही. खोका सर्वांसाठी आहे. कोणासाठीही ‘वेगळे साहित्य’ काढलेले नाही, आणि आखणी अशीच व्हायला हवी.

तिसऱ्या पायरीवर ओवी येते. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड असतो, एवढे सांगून मुलांना गटाने ओवी रचायला द्यावी. नमुन्यादाखल ही एक:

वाटेवर बी पडले,
पाखरांनी ते वेचले,
मऊ मातीत रुजले,
शंभरपट.

मुलांची ओवी घरच्या बोलीत असली, तर ती प्रमाण मराठीत दुरुस्त करू नये. मिस्सा (कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासना) प्रमाण मराठीत असते, म्हणून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना त्या भाषेत पाठ व्हावी हे योग्यच आहे, परंतु गोष्ट सांगताना, शंका विचारताना आणि स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करताना मुलाची बोली चालली पाहिजे. कादोडीत बोलणाऱ्या मुलावर वर्गात एकदा हशा झाला, की ते मूल पुढचे सहा महिने तोंड उघडत नाही.

चूक. ऐकू न येणाऱ्या किंवा हळू शिकणाऱ्या मुलाला वेगळ्या खोलीत बसवून चित्रे रंगवायला देणे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू बहिऱ्या माणसाला गर्दीतून एकीकडे नेतो हे खरे, पण तो त्याच्याशी खुणेने आणि स्पर्शाने बोलण्यासाठी नेतो. मुलाला थोडा वेळ एकांत हवा असेल तर द्यावा, मात्र त्या वेळात त्याला तोच धडा मिळाला पाहिजे.

### आई-वडील दोन धर्मांचे असतील तेव्हा

या घरांतील मुलांच्या बाबतीत शिक्षकाच्या तोंडून सहज निघालेले वाक्य खोल रुतते. ‘मूर्तिपूजक’ हा शब्द जुन्या करारातील धड्यांत येतो, आणि त्याच वेळी समोर बसलेल्या मुलाच्या काकांकडे गणपती बसलेला असतो. अशा वेळी त्या काळातील इस्राएल लोकांना काय सांगितले गेले, एवढेच सांगावे. आजच्या शेजाऱ्यांवर ते वळवू नये. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात म्हटले आहे, आणि कॅथलिक शिक्षकांनी ते परिच्छेद वर्ष सुरू होण्यापूर्वी वाचलेले असावेत.

गणपतीच्या दर्शनाला जावे का, प्रसाद खावा का, हे प्रश्न मुले विचारणारच. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायांत, असाच प्रश्न हाताळला आहे, परंतु मंडळ्यामंडळ्यांत त्याचा अर्थ वेगवेगळा लावला जातो. शिक्षकाने स्वतःच्या मताने उत्तर देऊ नये. ऑगस्ट उजाडण्यापूर्वी धर्मगुरूंना किंवा पाळकांना विचारून वर्गाची एक भूमिका ठरवावी आणि ती त्या पालकांशी आधी बोलून घ्यावी, म्हणजे एकाच वर्गात दोन शिक्षक दोन उत्तरे देत नाहीत.

## टप्पा ५: नाताळ आणि उपवासकाळातील सादरीकरणे

सादरीकरणाचा विचार सप्टेंबरपूर्वी करू नये आणि संहिता मुलांच्या आधी लिहू नये. प्रथम कागदावर प्रत्येक मुलाचे नाव लिहावे, त्यापुढे त्याला काय आवडते आणि काय जमते ते लिहावे, आणि त्यानंतर प्रसंग रचावा. तयार नाटुकले आणून भूमिका वाटल्या, की बोलकी, गोरी, पाठांतर चांगले असलेली मुले मरिया, योसेफ आणि देवदूत होतात, सावळी मुले मेंढपाळ होतात आणि उरलेली मेंढरे. दर नाताळात हे चित्र दिसते आणि ते मुलांना जे शिकवते, ते पुढच्या दहा धड्यांनी पुसले जात नाही.

मराठी मंडळ्यांना कीर्तनाचे रूप यासाठी फार सोयीचे आहे. नमन, पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान आणि शेवटची आरती अशी त्याची ठरलेली चौकट असते. कथा एक-दोन मुले पुढे नेतात आणि पालुपद सगळे धरतात, त्यामुळे पाठांतर न होणारे, तोतरे बोलणारे किंवा अजिबात न बोलणारे मूल टाळ धरून पूर्ण वेळ कथेच्या आत राहते. ज्या मुलाला आवाज सहन होत नाही, त्याला टाळ-ढोलकीपासून दूर, दाराजवळ जागा द्यावी, आणि सराव सुरू होण्याआधी आवाज किती वाढेल हे त्याला एकदा ऐकवावे.

उपवासकाळातील (ईस्टरपूर्वीच्या दिवसांतील) येशूच्या दुःखसहनाच्या नाट्यात एक विशेष काळजी घ्यावी लागते. ‘यहूद्यांनी येशूला मारले’ हे वाक्य संहितेत असेल, तर ते काढावे. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही, असे ‘नोस्त्रा एताते’ने स्पष्ट केले आहे. आपल्याकडे तर या वाक्याने दुखावली जाणारी माणसे शेजारचीच आहेत: शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, ते मराठी बोलणारे बेने इस्राएल यहूदी. येशू, मरिया आणि सारे प्रेषित यहूदीच होते, हेही मुलांना त्याच वेळी सांगावे.

तपासणी. पहिल्या सरावानंतर तीन प्रश्न विचारावेत. एकही मूल संपूर्ण कार्यक्रमात नुसते उभे राहते आहे का? दिव्यांग मुलाची भूमिका प्रेक्षकांना हळहळ वाटावी म्हणून तर लिहिलेली नाही ना? ‘आंधळा’, ‘लंगडा’, ‘महारोगी’ ही पात्रे कोणी खिदळत वठवते आहे का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळेपर्यंत कपडे शिवायला टाकू नयेत.

## टप्पा ६: संस्काराची तयारी

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाला प्रथम ख्रिस्तशरीर (मिस्सातील पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा संस्कार) देता येईल का, हा प्रश्न मार्चमध्ये निघतो आणि पालकांना ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे उत्तर मिळते. हा प्रश्न जूनमध्ये निघाला पाहिजे. १९८३ च्या कॅनन कायद्यातील (कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेतील) ७७७ वा नियम शारीरिक किंवा मानसिक अडचण असलेल्यांनाही त्यांच्या स्थितीनुसार धर्मशिक्षण द्यावे, अशी जबाबदारी धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंवर टाकतो, आणि २०२० मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेली धर्मशिक्षणाची निर्देशिका सांगते की, दिव्यांग व्यक्तींना संस्कार कोणी नाकारू नयेत. अशा मुलाच्या बाबतीत पाठांतर हा निकष नाही. ही भाकर साध्या जेवणातल्या भाकरीपेक्षा वेगळी आहे, हे त्याला त्याच्या रीतीने कळले आहे का, एवढे पाहावे. हात जोडणे, शांत होणे, वेदीकडे बोट दाखवणे यांतूनही ते कळते आणि आईला ते सर्वांत आधी दिसते.

तयारीचा क्रम असा ठेवावा.

१. जूनमध्ये पालक, शिक्षक आणि धर्मगुरू यांनी एकत्र बसून उद्दिष्ट आणि तारीख ठरवावी.

२. आपल्याच चर्चचे फोटो क्रमाने लावून एक छोटे पुस्तक करावे: दार, पवित्र पाणी, मुलाचे बाक, वेदी, रांग, परत बाक. ते मुलाने रोज घरी पाहावे.

३. चर्च रिकामे असताना ती वाट चालून पाहावी. सुरुवातीला दोघांबरोबर, मग थोड्या गर्दीत, मग रविवारच्या मिस्सात.

४. पवित्रीकरण न झालेल्या होस्टचा (मिस्सात दिल्या जाणाऱ्या गव्हाच्या पातळ भाकरीचा) सराव करावा. पुष्कळ मुले चव किंवा जिभेला चिकटणे सहन न होऊन ते थुंकतात. अगदी छोटा तुकडा पुरतो, हे धर्मगुरूंना आधीच सांगून ठेवावे.

५. कपड्यांची निवड मुलाच्या त्वचेनुसार करावी. टोचणारी जाळी आणि घट्ट कॉलर यांमुळे नऊ महिन्यांची तयारी ऐन वेळी मोडते.

इशारा. गव्हातील ग्लूटेन न चालणाऱ्या मुलासाठी बाजारातील पूर्ण ग्लूटेनमुक्त होस्ट आणू नये. कॅथलिक चर्चमध्ये ते ग्राह्य नाही. अत्यल्प ग्लूटेन असलेले होस्ट चालते, किंवा केवळ द्राक्षारसाच्या रूपात संस्कार घेता येतो. यासाठी डॉक्टरांचा सल्ला आणि धर्मगुरूंशी पूर्वचर्चा दोन्ही लागतात. पेला वेगळा असावा, म्हणजे त्यात भाकरीचा कण पडत नाही.

त्या मुलासाठी वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी ‘खास’ मिस्सा ठेवण्याची सूचना पुष्कळदा येते. मुलाला गर्दी खरोखरच सोसत नसेल आणि पालकांनी स्वतः मागणी केली असेल, तरच ती मान्य करावी. इतर पालकांना कार्यक्रम सुरळीत हवा आहे, हे कारण पुरेसे नाही.

## टप्पा ७: मार्चमधील पडताळा

परीक्षेच्या गुणांवरून वर्ष कसे गेले हे कळत नाही. मे महिन्यातील नोंदवही काढावी आणि प्रत्येक नावापुढे शेवटची हजेरी लिहावी. जी मुले गळाली, त्यांच्या घरी एप्रिलपूर्वी जावे, परत येण्याचा आग्रह न धरता कारण विचारावे आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कारण ‘अंतर लांब आहे’ असे असेल, तर वाहनाची सोय करता येते. ‘तिथे त्याला चिडवतात’ असे असेल, तर चिडवणाऱ्या मुलांच्या पालकांशी बोलावे लागते, आणि हे काम वर्गप्रमुखांनी स्वतः करावे.

वापरलेल्या प्रत्येक परंपरेपुढेही एक ओळ लिहावी: कोणी सांगितली, कोणत्या धड्यात घेतली, कोणाला आवडली, कोणी हरकत घेतली. शिक्षक बदलले तरी ही वही वर्गाकडेच राहिली पाहिजे. पुढच्या वर्षीच्या घरभेटी सुरू होण्याआधी नव्या शिक्षकांनी ती जुन्या शिक्षकांबरोबर बसून वाचावी, आणि ज्या आजींनी ओव्या दिल्या, त्यांच्याकडे या वेळी ध्वनिमुद्रणाची परवानगी मागावी.